दारात उभे आपणच

अंधारात दाराबाहेर चार माणसे उभी आहेत आणि त्यांचे चेहरे घरातल्या चौघांचेच आहेत. एका अमेरिकन भयपटातली ही कल्पना जबलपूरचा जुना इतिहास आठवला की निराळीच दिसू लागते.

सुटीसाठी एक कुटुंब समुद्राजवळच्या घरी आले आहे. आई, वडील, वयात आलेली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. रात्र झाली आहे. अचानक घरातले दिवे जातात आणि मुलगा येऊन सांगतो, ‘‘बाहेर एक कुटुंब उभे आहे.’’

वडील दार उघडून पाहतात. अंगणाच्या टोकाला चार आकृत्या हातात हात धरून निश्चल उभ्या आहेत. दोन मोठ्या, दोन लहान. वडील आधी गोडीने विचारतात, मग आवाज चढवतात, मग बॅट घेऊन बाहेर येतात. समोरून उत्तर येत नाही. थोड्याच वेळात त्या चार आकृत्या घरात शिरलेल्या असतात आणि शेकोटीच्या उजेडात दोन्ही कुटुंबे समोरासमोर बसतात. आईसमोर आईच्याच चेहऱ्याची बाई, वडिलांसमोर त्यांच्याच बांध्याचा पुरुष, मुलांसमोर तीच मुले. जे मोठ्यांना बोलवत नाही ते धाकटा बोलून टाकतो, की हे तर आपणच आहोत!

जॉर्डन पील या दिग्दर्शकाचा ‘अस’ हा चित्रपट मार्च २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. इंग्रजीत ‘अस’ म्हणजे ‘आपण’, आणि हीच दोन अक्षरे अमेरिकेची आद्याक्षरेही आहेत. आदल्याच वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, पील यांना ‘गेट आउट’ या पहिल्या चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले होते. मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक. ‘अस’ची कल्पना त्यांना एका जुन्या दूरदर्शन मालिकेवरून सुचली. ‘ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या १९६० मधल्या एका भागात बसस्थानकावर थांबलेल्या एका तरुणीला स्वतःसारखीच दुसरी स्त्री दिसते आणि ती आपली जागा घ्यायला आली आहे या भयाने तिला घेरले जाते. पील यांनी ते भय एका स्त्रीपुरते न ठेवता एका घरावर आणि मग सगळ्या देशावर पसरवले.

चित्रपट मोठ्यांसाठी आहे, लहान मुलांना शेजारी बसवून पाहण्याजोगा नाही. त्यात कात्र्या आहेत, रक्त आहे. पण पाहून उठल्यावर रक्तापेक्षा एक प्रश्न जास्त दिवस सोबत राहतो. दारात आलेले ते चौघे आले कुठून?

वरचे आणि खालचे

उत्तर असे, की ते जमिनीखालून आले. अमेरिकेच्या भूमीखाली हजारो मैलांचे सोडून दिलेले बोगदे आहेत, असे चित्रपटाच्या सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येते. कधीकाळी कुणीतरी वरच्या प्रत्येक माणसाची एक प्रतिकृती तयार केली. तिच्यामार्फत वरच्याला हवे तसे नाचवता येईल हा बेत होता. बेत फसला आणि करणारे ती माणसे तशीच टाकून निघून गेले. वरचा माणूस चालला की खालचा चालतो, वरचे लग्न लागले की खालीही कुणाची तरी कुणाशी गाठ पडते. फरक एवढाच, की वर ताटात गरम जेवण असते, तर खाली कच्चा ससा. वरच्या मुलीला मऊ खेळणी मिळतात, खालच्या मुलीच्या हाती येते ती बोचणारी आणि थंडगार वस्तू.

ल्युपिटा न्योंगो या अभिनेत्रीने आई आणि आईची प्रतिकृती अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. खालची बाई बोलते ती घशातून आवाज ओढून काढल्यासारखी, कित्येक वर्षे बोलायला कुणी मिळाले नाही अशी. तुम्ही कोण, असे वडील विचारतात तेव्हा ती म्हणते, की आम्हीही अमेरिकनच आहोत.

चित्रपट सुरू होतो १९८६ मध्ये. त्या वर्षी २५ मे रोजी अमेरिकेत भुकेल्या आणि बेघर लोकांसाठी निधी जमवायला लाखो माणसांनी हातात हात धरून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी करण्याचा प्रयत्न केला होता. साखळी काही ठिकाणी तुटकच राहिली. चित्रपटात खालची माणसे वर येतात ती हीच साखळी पुरी करायला. ज्यांच्या नावाने वरच्यांनी हात धरले होते, तेच आता हात धरून उभे आहेत.

भय आहे ते इथे. आपल्याकडच्या भुताच्या गोष्टींत भूत बहुधा बाहेरचे असते. वडावरचे, विहिरीतले, गावकुसाबाहेरचे. मराठीत दुसऱ्याचे रूप घेऊन येणाऱ्यासाठी ‘तोतया’ हा शब्द आहे. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणारा तोतया पेशवाईत गाजला. त्याने १७७६ मध्ये कोकणात बंड उभे केले आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. इकडे पार्वतीबाई अखेरपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. पण तोतया फसवून आत शिरतो. ‘अस’मधली माणसे फसवत नाहीत. ती आपल्याच चेहऱ्याने समोर बसतात आणि हिशेब मागतात.

मित्र म्हणून भेटलेली माणसे

अनोळखी माणूस आपल्यासारखाच दिसतो म्हणून वाटणारे भय जबलपूरला नवे नाही. नर्मदेकाठचा हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता, मग तो इंग्रजांकडे गेला. दक्षिणेतून काशी-प्रयागाकडे जाणारे यात्रेकरू, रजेवर घरी निघालेले शिपाई, सावकारांचे पैसे वाहणारे हरकारे असे सगळे याच वाटांनी पायी जात. वाट लांबची आणि रानाची, म्हणून माणसे सोबत शोधत. सोबत मिळेही.

ठगांची रीत त्या काळच्या जबान्यांतून तपशिलाने नोंदली गेली आहे. पावसाळा संपला, की ते टोळ्यांनी निघत. वाटसरूंना गाठणारा माणूस गोड बोलणारा असे. समोरचा ब्राह्मण असेल तर हाही ब्राह्मण, समोरचा शिपाई असेल तर हाही शिपाई. तीच बोली, तेच देव, तीच चोरांची भीती. एकत्र गेलो तर बरे, असे तोच सुचवी. दोन-चार मुक्काम एकत्र जेवणे-झोपणे झाले, की एखाद्या संध्याकाळी गप्पा रंगात असताना ठरलेला इशारा होई आणि रुमालाचा फास पडे. प्रेते पुरून वर जमीन सारखी केली जाई. मग टोळी पुढे जाई, आणि हंगाम संपला की ज्याचा तो आपापल्या गावी परते. तिथे तो कुणाचा बाप, कुणाचा नवरा, शेतात राबणारा चारचौघांसारखा माणूस असे.

विल्यम हेन्री स्लीमन हा इंग्रज अधिकारी १८२२ ते १८२४ या काळात जबलपूरपासून सुमारे ८५ किलोमीटरवरच्या नरसिंहपूरचा कारभार पाहत होता. आपल्या जिल्ह्यात कोण येतो, कोण जातो हे आपल्याला ठाऊक आहे अशी त्याची खात्री होती. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले, की आपल्या कचेरीपासून ४०० यार्डांवरच्या कंदेली गावात मारेकऱ्यांची टोळी राहते असे तेव्हा कुणी सांगितले असते, तर आपण त्याला वेड्यात काढले असते. टोळी खरोखरच तिथे राहत होती. ज्यांचे रामराम तो रोज घेत असेल, त्यांच्यातच ती माणसे होती.

नंतर स्लीमन जबलपूरला आला आणि ठगांच्या मागे लागला. फिरंगिया हा त्यांतला नामांकित जमादार. तो हाती लागत नव्हता, पण त्याची आई, बायको आणि मूल पकडले गेले होते. त्यांना सोडून फार दूर जाणे त्याला जमले नाही. अखेरीस तो सापडला आणि माफीचा साक्षीदार झाला. एका गावाच्या आमराईत स्लीमनची छावणी पडली असताना फिरंगियाने सांगितले, की ज्या जागी तुमचे तंबू ठोकले आहेत तिथेच माणसे पुरलेली आहेत. स्लीमनचा विश्वास बसेना. खणायला सुरुवात झाली तेव्हा त्याची पत्नी तंबूत झोपलेली होती. काही वर्षांपूर्वी मारलेल्या गंगाजळ वाहणाऱ्यांची हाडे त्या तंबूखाली निघाली, तर घोडे बांधले होते त्या जागेखाली शिपायांची. वरचे गवत इतके सारखे वाढले होते, की जमीन कधी हलली असेल असे कुणाला वाटू नये.

खाली काय आहे हे वर झोपलेल्याला माहीत नसते. पील यांनी पडद्यावर कल्पनेने उभे केलेले चित्र जबलपूरच्या परिसरात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कुदळीने उघडे केले होते.

पकडणारा आणि पकडलेला

या विषयावर एक इंग्रजी चित्रपटही आहे. जॉन मास्टर्स यांच्या १९५२ च्या कादंबरीवरून इस्माईल मर्चंट यांनी १९८८ मध्ये ‘द डिसीव्हर्स’ काढला. निकोलस मायर दिग्दर्शक होते. पिअर्स ब्रॉस्नन यांच्याबरोबर शशी कपूर आणि सईद जाफरी यांच्याही भूमिका त्यात होत्या. कथा काल्पनिक आहे, पण काळ स्लीमनच्याच वेळचा, १८२५ चा. एक इंग्रज अधिकारी ठगांना पकडण्यासाठी एका बेपत्ता विणकराचे रूप घेऊन त्यांच्या टोळीत शिरतो. दिवस जातात तसे त्याला जाणवू लागते, की रुमाल धरायला आपला हात आता कचरत नाही. सोंग घेणारा आणि सोंग यांतले अंतर मिटत जाते. ‘अस’चे कुटुंबही अशाच वाटेने जाते. जीव वाचवण्यासाठी ते चौघे आपल्या प्रतिकृतींना मारू लागतात, आणि एका क्षणी कुणी किती मारले याचा हिशेब आपसात घालू लागतात. प्रेक्षक हसतो आणि मग आपण कशाला हसलो या विचाराने दचकतो.

भिंतीपलीकडची वस्ती

जबलपूरच्या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. शेकडो ठगांना फाशी झाली किंवा जन्माची कैद. जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांची फाशी टळली पण सुटका झाली नाही. त्यांना जबलपुरातच ठेवले गेले. बायका-मुले आणून भिंतीच्या आत एक वसाहत वसवली गेली. १८३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे उद्योगशाळा सुरू झाली. ज्या हातांनी रुमाल फिरवला, ते हात तंबू शिवू लागले, गालिचे विणू लागले. त्या गालिच्यांना नावही मिळाले.

गुन्हेगाराला काम शिकवावे यात गैर काही नाही. प्रश्न मुलांचा होता. त्यांनी कुणाचा गळा आवळला नव्हता. पण ठगी रक्तातून उतरते असा सरकारचा समज होता, म्हणून बापाबरोबर मुलगाही भिंतीआड राहिला. बाहेर शहर वाढत होते, तंबू आणि गालिचे वापरत होते. आतल्या मुलाची ओळख मात्र एकच, ठगाचा पोर.

ठगीचे जे चित्र स्लीमनने रंगवले ते कितपत खरे, यावर पुढे इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातला. खून झाले याबद्दल शंका नाही, हाडे निघालीच. पण देशभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने चालणारा एकच गुप्त पंथ होता, की दुष्काळ, मोडलेल्या फौजा आणि बेकारी यांतून निपजलेल्या निरनिराळ्या टोळ्या, हा प्रश्न आहे. माफीच्या साक्षीदाराची जबानी गळ्याशी आलेल्या फासासमोर दिलेली असते, हेही विसरता येत नाही.

वाद काहीही असो, जन्माने गुन्हेगार ही कल्पना टिकली आणि फोफावली. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. भटक्या आणि इतर अनेक जमातींच्या जमातीच गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, काहींनी तर कुंपणाच्या आत राहायचे. सोलापूरची ‘सेटलमेंट’ महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तिथली माणसे तारेच्या कुंपणातून गिरण्यांत कामाला जात आणि पुन्हा कुंपणात परतत. त्यांनी काढलेल्या सुताचे कापड बाहेर घरोघरी नेसले जाई.

तो कायदा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कागदावरचा शिक्का पुसला, तरी माणसांच्या मनातला पुसायला वेळ लागतो. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोर म्हणून जन्मलेल्या मुलाला शाळेत बसायचे आहे, हे मराठी वाचकाने तेव्हा त्या मुलाच्याच तोंडून ऐकले.

मुलाला कळलेले

आता चित्रपटाच्या शेवटाकडे. ज्यांना तो पाहायचा आहे आणि शेवट आधी कळू नये असे वाटते, त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा.

१९८६ मध्ये आरशांच्या दालनात वाट चुकलेल्या लहान मुलीला तिची प्रतिकृती भेटली होती. तेव्हा काय झाले ते अखेरीस कळते. खालच्या मुलीने वरच्या मुलीला खाली ढकलले आणि तिचे कपडे घालून आपण वर आली. म्हणजे इतका वेळ आपण जिच्यासाठी जीव मुठीत धरला होता, ती प्रेमळ आई मूळची खालचीच. आणि लाल कपड्यांत कात्री घेऊन आलेली बाई ही ते घर, ते आईबाप गमावलेली मूळ मुलगी. चांगली कोण आणि वाईट कोण, हे ठरवायला चेहरा उपयोगी पडत नाही, जन्म तर त्याहून नाही. जिला उजेड, आईबाप, शाळा, नृत्य मिळाले ती माणूस झाली. जिला अंधार मिळाला ती तशी झाली. गाडीत शेजारी बसलेला मुलगा आईकडे टक लावून पाहतो. त्याला बहुधा उमजले आहे. आई त्याच्याकडे पाहून किंचित हसते. तो आपला मुखवटा चेहऱ्यावर ओढून घेतो.

ज्यांनी परिच्छेद सोडला त्यांच्यासाठी आपल्याकडची एक जुनी कथा पुरेशी आहे. सूर्याची पत्नी संज्ञा हिला त्याचे तेज सोसेना. तिने आपल्याच रूपाची छाया निर्माण केली, मुलांना तिच्या हवाली केले आणि ती निघून गेली. सूर्याला काही कळले नाही. छायेला स्वतःची मुले झाली आणि ती संज्ञेच्या मुलांना दुजाभावाने वागवू लागली. दुखावलेल्या यमाने रागाने तिच्यावर पाय उगारला, तेव्हा तिने त्याला शाप दिला. यम बापाकडे जाऊन म्हणाला, की आई मुलाला असा शाप देणार नाही. तेव्हा सूर्याचे डोळे उघडले. घरात आलेले दुसरे रूप बापाने नव्हे, मुलाने ओळखले, आणि तेही वागणुकीवरून.

या कथेचा एक भाग फारसा कुणी लक्षात घेत नाही. छायेला जाळून टाकले आणि सगळे सुखाने राहिले, असा तिचा शेवट नाही. छायेची मुलेही सूर्याचीच मानली गेली. शनी हा तिचा मुलगा, खानदेशाला पाणी देणारी तापी ही तिची मुलगी. सावर्णी हा तिचाच पुत्र पुढच्या मन्वंतराचा मनू होणार, असे पुराणे सांगतात. सावलीच्या पोटची म्हणून त्यांना कुणी जमिनीखाली कोंडले नाही. घरातला अन्याय उघडा पडला आणि दोन्ही आयांच्या मुलांना आपापली जागा मिळाली.

जबलपूरहून कटनीकडे जाणारी गाडी वाटेत स्लीमनाबाद रोड नावाच्या स्थानकावरून जाते. ठगांना पकडणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्या गावाला मिळाले आणि आजही आहे. भिंतीआड गालिचे विणणाऱ्या मुलांपैकी कुणाचे नाव कुठल्या फलकावर नाही. ती मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली, कधीतरी भिंतही राहिली नाही. त्यांचे वंशज आज आपल्यातच कुठेतरी असतील. एखाद्या प्रवासात समोरच्या बाकावर डबा उघडून, थोडे घ्या ना, असे म्हणतही असतील. त्यांचे चेहरे आपल्यासारखेच असणार.